विवाल्दी विसरला गेला, त्याला जबाबदार कोण? (तो स्वतःच, असं माझं म्हणणं)

दर्यावर्दी

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग तुम्ही सगळे मिळून हाणा.

इटालियन संगीतकार अंतोनियो विवाल्दी १७४१ मध्ये व्हिएन्नात वारला आणि त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षं त्याचं नाव जर्मन संगीतकार बाखच्या चरित्रातल्या तळटिपांपुरतं उरलं. याचं खापर कुणी बदललेल्या फॅशनवर फोडतं, कुणी नशिबावर. माझ्या मते त्याच्या स्वतःच्या धंद्याच्या हिशेबाचा यात मोठा हात आहे.

ज्यांना माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म व्हेनिसचा, ४ मार्च १६७८. बाप मूळचा न्हावी, पुढे सेंट मार्कच्या चर्चमध्ये व्हायोलिनवादक. पोराचे केस लाल, त्यावरून नंतर ‘लाल पाद्री’ हे नाव पडलं. १७०३ मध्ये पाद्री झाला आणि त्याच वर्षी पिएता या अनाथालयात व्हायोलिन शिकवायला लागला, पगार वर्षाला ६० डुकाट (तिथलं नाणं). १७११ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एस्तिएन रोजेनं त्याचे बारा कॉन्चेर्तो (एक-दोन वाद्यं आणि सगळा वृंद यांच्यातल्या सवाल-जबाबाच्या रचना) छापले (ऑपस ३, म्हणजे तिसरा छापील संच, ‘लेस्त्रो आर्मोनिको’) आणि युरोपभर बोलबाला झाला. तिकडे वायमारमध्ये बाख ते ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) उतरवून घेत बसला होता. १७२५ मध्ये ऑपस ८ आलं, त्यातले पहिले चार म्हणजे जगप्रसिद्ध ‘फोर सीझन्स’ (‘स्प्रिंग’, ‘समर’, ‘ऑटम’, ‘विंटर’).

आता गंमत बघा. १७३३ मध्ये एडवर्ड होल्ड्सवर्थ नावाचा इंग्रज त्याला व्हेनिसात भेटला आणि आपल्या मित्राला, चार्ल्स जेनेन्सला (ज्यानं पुढे हँडेलच्या ‘मसाया’ची संहिता जुळवली), त्यानं पत्रात कळवलं: विवाल्दी आता काही छापणार नाही म्हणतो, कारण छापलं की हस्तलिखितांचा धंदा बसतो. भाव काय, तर एका कॉन्चेर्तोला एक गिनी (इंग्रजी सोन्याचं नाणं).

सुट्या विक्रीत पैसा जास्त म्हणून गड्यानं छपाई थांबवली! छापलेलं शेकडो घरांत जातं. हस्तलिखित एका उमरावाच्या कपाटात जातं आणि उमराव मेला की कपाटाला कुलूप.

बोला.

चहाबाज

पहिला! वाचून मग लिहितो. जागा धरून ठेवतोय.

मध्यलय

साफ असहमत, दर्यावर्दी. छापल्यानं माणूस टिकतो हे गृहीतकच कच्चं आहे. त्याच काळातल्या जर्मन संगीतकार तेलेमानकडे बघा. हा गडी तर स्वतःच्या हातानं छपाईचे पत्रे कोरायचा, स्वतः विकायचा, गिऱ्हाइकं पॅरिसपासून सगळीकडे. एकोणिसाव्या शतकात त्याला कुणी विचारलं? उलट लोक त्याला ‘फार लिहिणारा’ म्हणून नाकं मुरडायचे.

विवाल्दी तर जिवंतपणीच जुना झाला होता. १७३९ मध्ये शार्ल द ब्रॉस हा फ्रेंच गृहस्थ व्हेनिसात त्याला भेटला, त्याचं पत्र वाचा. तो लिहितो की या म्हाताऱ्याला रचनेचं भयंकर वेड आहे, नकलनवीस नक्कल करेल त्याच्या आत हा अख्खा कॉन्चेर्तो सगळ्या वाद्यांच्या भागांसकट लिहून देतो अशी पैज तो मारतो. आणि पुढे म्हणतो की इथं त्याची जेवढी कदर व्हायला हवी तेवढी नाही, कारण या गावात सगळं फॅशनवर चालतं. तोवर ऑपेरा नेपल्सवाल्यांच्या ताब्यात गेला होता. गावानंच टाकला त्याला, छपाईचा काय संबंध?

सौ_टक्के_सातारी

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीला तक्रारीसाठी फोन लावला होता. अजून ‘स्प्रिंग’ चालू आहे. विसरला गेला असता तर बरं झालं असतं.

दर्यावर्दी

@मध्यलय, तेलेमान एक बाजूला. दुसरीकडे इटालियन संगीतकार कोरेल्ली बघा ना. मोजून सहा ऑपस, पण छापलेले, आणि लंडनमध्ये अठरावं शतक संपेपर्यंत त्याच्या आवृत्त्या निघत होत्या. माणूस १७१३ मध्येच गेलेला. विवाल्दीनं पाचशेच्या आसपास कॉन्चेर्तो लिहिले, त्यातले शंभरेकच त्याच्या हयातीत छापले गेले. उरलेले ज्यांनी विकत घेतले त्यांच्यापुरते.

द ब्रॉसच्या पत्रातलं सोयीचं तेवढंच सांगितलंत. तोच म्हणतो की या म्हाताऱ्यानं माझ्याशी दोस्ती केली ती मला चढ्या भावानं कॉन्चेर्तो विकायला!

चहाबाज

वाचलं. पाद्री आणि असा व्यापारी? मास (चर्चमधली मुख्य उपासना) वगैरे म्हणायचा की नाही?

गिरकी

@चहाबाज, नाही म्हणायचा. १७३७ च्या एका पत्रात त्यानं स्वतःच लिहिलंय की पंचवीस वर्षं मास म्हटलेला नाही, जन्मापासून छातीत आवळल्यासारखं होतं, तीनदा वेदीवरून मध्येच उतरावं लागलं, बाहेर जायचं तर गोंडोला किंवा घोडागाडीच लागते. बहुतेक जण हा दमा समजतात. सुचलेली चाल उतरवून घ्यायला तो मास सोडून धावला, ही गोष्ट मात्र नंतरच्या लोकांनी रंगवलेली.

दमेकरी माणूस गोंडोल्यात बसून युरोपभर हिंडला, पंचवीसेक वर्षं ऑपेरे उभे केले, हे मला छपाईपेक्षा जास्त भारी वाटतं. पण धाग्यात कुणी पिएतातल्या मुलींबद्दल काहीच लिहिलं नाही याचं आश्चर्य आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

पिएता म्हणजे भिंतीत कोनाडा असलेलं अनाथालय. नको असलेलं मूल त्या कोनाड्यात ठेवून निघून जायचं. मुलगे मोठे झाले की धंदा शिकून बाहेर. मुली आतच. त्यातल्या ज्यांना सूर आहे त्या वाद्यवृंदात, ‘फिल्ये दी कोरो’. आडनाव नाही, मग वाद्यावरूनच ओळख: आना मारिया व्हायोलिनवाली, आणि चक्क पाओलिना टेनरवाली, आना बासवाली. हो, पुरुषांचे खर्जातले भागही बायकाच गायच्या. १७१६ मध्ये कोर्फूच्या बेटावर तुर्कांचा वेढा उठला त्या जल्लोषात विवाल्दीनं ‘जुदिता ट्रायम्फान्स’ लिहिलं. त्यातला सेनापती होलोफर्नेसही एका मुलीनंच गायला. सज्ज्यात लोखंडी जाळी, जाळीमागे मुली, खाली चर्चमध्ये युरोपभरचे पाहुणे नुसत्या आवाजावर फिदा.

आना मारियासाठी त्यानं वीसेक तरी कॉन्चेर्तो लिहिले, आणि त्यातले अवघड भाग बघितले तर कळतं ती कुठल्या दर्जाची वादक होती. ती आयुष्यभर तिथेच राहिली, १७८२ पर्यंत, विवाल्दीनंतर एक्केचाळीस वर्षं. लग्न करून बाहेर पडणाऱ्या मुलीला जाहीर वाजवणं बंद करावं लागे.

दर्यावर्दी, तुमच्या हिशेबात हे धरा: तो लिहीत होता ते त्याच आठवड्यात, त्याच मुलींनी वाजवायला. पुढच्या पिढ्यांसाठी नाही.

प्राजक्ता_ठाणे

गिरकी, प्रतिसाद फार आवडला.

मी व्हिओला वाजवते, व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या सुरातली बहीण (हो, आहेत आमच्यासारखे लोक, विनोद ऐकून झालेत सगळे). म्हणून ‘स्प्रिंग’बद्दल. सगळे पहिल्या तुकड्यावर थांबतात. दुसरा ऐका, मंद लयीतला. मेंढपाळ झोपलाय, त्याची झोप म्हणजे एकट्या व्हायोलिनची लांब सुरावट. बाकीची व्हायोलिनं पानांची सळसळ करतात, सगळा वेळ हळू. आणि आम्ही व्हिओलावाले? आम्ही कुत्रा. स्वरलिपीत चक्क लिहिलंय, ‘भुंकणारा कुत्रा’, आणि सूचना आहे की खूप जोरात, ओरबाडून वाजवायचं. प्रत्येक मात्रागटात दोन स्वर, भू-भू, अख्खा तुकडाभर. वरचे सगळे हळुवार आणि आम्ही मोठ्यानं. शिवाय या तुकड्यात चेलो नाही, हार्पसिकॉर्ड नाही, खालचा आधारच काढून घेतलाय. सगळ्यात खाली आम्ही, भुंकत.

पहिल्यांदा तालमीत आमच्या संचालकांनी थांबवून मला ‘जरा कमी, सोलो ऐकू येत नाही’ म्हटलं. मी पान उघडून दाखवलं. त्या दिवसापासून मी भुंकते.

‘विंटर’चा दुसरा तुकडाही असाच. आत शेकोटी, बाहेर पाऊस, आणि पावसाचे थेंब म्हणजे व्हायोलिनच्या तारा बोटांनी छेडलेल्या. असला माणूस नुसता व्यापारी नसतो हो.

सौ_टक्के_सातारी

व्हिओलावाल्यांना आता संघटनेनं भुंकण्याचा भत्ता मागायला हरकत नाही.

खर्जसाधक

मी शास्त्रीय संगीताचा (आपल्या) श्रोता. पाश्चात्त्य कमी ऐकतो. पण ‘विवाल्दीनं एकच कॉन्चेर्तो शेकडो वेळा लिहिला’ असा जो टोमणा लोक मारतात (बहुतेक विसाव्या शतकातल्या संगीतकार स्त्राविन्स्कीच्या नावावर खपवतात), तो मला कधी कळला नाही. आमच्याकडे माणूस चाळीस वर्षं यमन गातो. त्याला कुणी म्हणत नाही की बुवा, तोच राग परत?

आणि रचना ऐकली की मला तरी ओळखीची वाटते. सगळा वृंद एक ठसकेबाज वाक्य म्हणतो, मग एकटा वाजवणारा मोकळा सुटतो, परत वृंदाचं तेच वाक्य, परत मोकळीक. म्हणजे मुखडा आणि विस्तार. आमची सवय आहे ही.

मध्यलय

@खर्जसाधक, अर्धं पटलं. त्या परत येणाऱ्या वाक्याला रितोर्नेल्लो म्हणतात आणि विवाल्दीनं हा साचा इतका घट्ट बसवला की त्याच्या पुढचे सगळे त्यावर चालले. बाखचा चरित्रकार फोर्केल १८०२ मध्ये लिहितो की विवाल्दीचे कॉन्चेर्तो उतरवताना बाख संगीतात विचार कसा करायचा ते शिकला.

पण मुखड्याशी तुलना एका ठिकाणी मोडते. आपला मुखडा परत येतो तो त्याच षड्जावर. विवाल्दीचं वाक्य दर वेळी दुसऱ्या स्वराला ‘सा’ मानून येतं आणि शेवटी मूळ घरी. ऐकणाऱ्याला जी ओढ लागते ती त्या सरकत्या षड्जाची. आपल्याकडे तानपुरा असं होऊच देणार नाही.

खर्जसाधक

मान्य. म्हणजे मूर्च्छना करून (षड्ज सरकवून) मुखडा घेतल्यासारखं. घरी बायकोला सांगितलं, ती म्हणाली आधी दळण आणा.

फिडलर_मडगाव

नमस्कार मंडळी. उशिरा आलो. आमच्याकडे चर्चच्या शाळेत पोरांच्या हातात व्हायोलिन देऊन सोल्फेज (स्वरलिपी वाचून गायचा सराव) घोकून घ्यायची पद्धत पिढ्यानपिढ्या होती. माझे आजोबा त्यातलेच. पोर्तुगीज काळातली ती व्यवस्था. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोंयकार एवढे का भरले होते त्याचं कारण त्या शाळा. पिएताचं वर्णन वाचून तेच आठवलं: गरिबाघरची पोरं, देवळाचं संगीत, आणि त्यातून निघालेले पक्के वादक. फरक इतकाच की आमच्याकडे जाळी नव्हती.

पण पात्रांवांनो, विवाल्दीची नोकरी काय सुखाची नव्हती. पिएताच्या कारभाऱ्यांचं मंडळ दर वर्षी शिक्षकावर मतदान घ्यायचं. १७०९ मध्ये ७ विरुद्ध ६ मतांनी त्याला घरी पाठवलं! एका मतानं. दोन वर्षांनी, १७११ मध्ये, एकमतानं परत बोलावलं. १७१६ मध्ये बढती. मग १७२३ पासून वेगळाच करार: महिन्याला दोन कॉन्चेर्तो द्यायचे, गावात असेल तेव्हा तालमी घ्यायच्या, कॉन्चेर्तोमागे एक सोन्याचं नाणं. दहा वर्षांत असे १४० कॉन्चेर्तो त्यांनी विकत घेतल्याची नोंद आहे. कंत्राटी कामगार तो. कंत्राटी माणूस सुटी विक्री करणार नाय तर काय?

चहाबाज

७-६! आमच्या सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या रंगावर असंच झालं होतं.

गिरकी

फिडलरदादा, अगदी. आणि त्याचं खरं उत्पन्न कॉन्चेर्तोंतून नव्हतंच, ऑपेऱ्यातून होतं. सान्त आंजेलो थिएटर चालवायला घ्यायचा, गायक ठरवायचा, तिकीट विकायचा, तोटा आला तर सोसायचा. एका पत्रात तो म्हणतो, मी ९४ ऑपेरे लिहिले. आज पन्नासेक माहीत आहेत, संगीतासकट टिकलेत वीसेक. १७३७ मध्ये फेरारात मोसम ठरवला, करार केले, आणि ऐन वेळी तिथल्या कार्डिनल रुफोनं शहरात यायलाच बंदी घातली. कारण: हा पाद्री मास म्हणत नाही आणि आना जिरो या गायिकेशी याची फार मैत्री. सहा हजार डुकाटचे करार अंगावर आहेत, असं तो त्या पत्रात कळवळून लिहितोय. आपल्याकडच्या संगीत नाटक कंपन्यांच्या कर्जाच्या कहाण्या ज्यांनी वाचल्यात त्यांना हा माणूस परका वाटायचा नाही.

टवाळ_कार्टा

आना जिरोचं नक्की काय होतं? विचारतो हं, सहज.

गिरकी

ती, तिची सावत्र बहीण पाओलिना आणि विवाल्दी प्रवासाला एकत्र असायचे. त्याचं म्हणणं, आजारी माणसाला सोबत लागते. नाटककार गोल्दोनी १७३५ मध्ये ‘ग्रिसेल्दा’ची संहिता बदलायला त्याच्याकडे गेला होता. त्यानं लिहून ठेवलंय की विवाल्दीचा आग्रह होता, आनासाठी संथ लयीतलं गाणं नको, भावनेचं, तुटक बोलांचं हवं, तेच तिला जमतं. गोल्दोनीनं तिथेच बसून कागदावर लिहून दिलं आणि विवाल्दी उठून त्याला मिठी मारतो. एवढं माहीत आहे. बाकी टवाळांनी टवाळ्या कराव्यात.

व्हिएन्नाकाठी

मी व्हिएन्नात राहतो, म्हणून शेवटचा अंक माझ्याकडे.

१७२८ मध्ये सम्राट सहावा कार्ल विवाल्दीला भेटला तेव्हा खूश होऊन पैसे आणि सोन्याची साखळी दिली. तेव्हाच्या एका पत्रात शेरा आहे की सम्राट पंधरा दिवसांत त्याच्याशी जितकं बोलला तितकं दोन वर्षांत मंत्र्यांशी बोलला नाही. या भरवशावर विवाल्दी १७४० मध्ये व्हेनिस सोडून इकडे निघाला असावा. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला सम्राट मेला. दुखवटा, थिएटरं बंद, पुढे गादीवरून युद्ध. नवख्या गावात, साठी ओलांडलेला, ना नोकरी ना रंगभूमी.

२८ जुलै १७४१ ला तो केर्न्टनर वेशीजवळ एका खोगीरवाल्याच्या विधवेच्या घरात भाड्यानं राहत असताना गेला. मरणाच्या नोंदीत कारण ‘आतला दाह’. अंत्यविधीचा खर्च १९ फ्लोरिन ४५ क्रॉयत्सर, छोट्या घंटांचा नाद, वाद्यवृंद नाही. कोवळा हायडन तेव्हा सेंट स्टीफनच्या गायकवृंदात होता आणि त्यानं या अंत्यविधीत गायलं, असं पर्यटकांना हमखास सांगतात. खर्चाच्या हिशेबात गायकांचे पैसेच नाहीत. दफनभूमी आता नाही, त्या जागी तांत्रिक विद्यापीठाची इमारत आहे. घराच्या जागी ‘झाखर’ (Sacher) हॉटेल आहे, ते केकवालं. पाटी लावलीय. लोक केकच्या रांगेत, पाटी कुणी वाचत नाही.

व्हेनिसातल्या एका नोंदवहीत त्याच्याबद्दल लिहिलंय: एके काळी पन्नास हजार डुकाटच्या वर कमावले, पण बेहिशेबी उधळपट्टीनं व्हिएन्नात गरिबीत मेला.

दर्यावर्दी

बघा! ‘बेहिशेबी उधळपट्टी’. आणि मी म्हणतोय हिशेबात चुकला.

मध्यलय

ऑपेरा चालवणाऱ्याची उधळपट्टी म्हणजे गायिकांचे पगार असतात, दर्यावर्दी.

पंतोजी

अवांतर, पण राहवत नाही. विवाल्दीचा एक व्हायोलिन कॉन्चेर्तो आहे, डी मेजरमधला, नाव ‘ग्रोस्सो मोगुल’. म्हणजे आपला मोगल! बाखनं तो ऑर्गनवर उतरवलाय. आणि बासरीचा ‘इल ग्रान मोगोल’ २०१० मध्ये एडिंबराच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडला. तो फ्रान्स, स्पेन, इंग्लंड आणि मोगल अशा चार कॉन्चेर्तोंच्या संचातला, बाकीचे तिन्ही अजून बेपत्ता.

आता हा योग बघा. निकोलाओ मनुची हा व्हेनिसचाच. पोरवयात घर सोडून हिंदुस्थानात आला, दारा शुकोहच्या तोफखान्यात राहिला, आणि १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत त्यानं शिवाजी महाराजांना प्रत्यक्ष पाहिलं, त्यांच्याशी बोलला. म्हातारपणी त्यानं मोगलांच्या इतिहासाचं आपलं बाड व्हेनिसच्या सिनेटकडे पाठवलं, ते आजही तिथल्या मार्चियाना ग्रंथालयात आहे. विवाल्दी तेव्हा त्याच गावात तरुण मास्तर. त्यानं ते वाचलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण त्या काळच्या व्हेनिसात ‘मोगल’ म्हटलं की ऐश्वर्याचा थाट डोळ्यांसमोर यायचा, आणि ते चित्र रंगवणाऱ्यांत आपल्या ओळखीचा मनुची होता.

ऐकायला बसाल तर भैरवी शोधू नका. मोगली काहीही नाही त्यात. मधला संथ तुकडा मात्र ऐकाच, व्हायोलिन जवळपास बोलतं. आणि शेवटी एकट्या व्हायोलिनसाठी लांबलचक, लिहून दिलेली करामत आहे.

प्राजक्ता_ठाणे

पंतोजी, त्या करामतीवरून. १७१५ मध्ये उफेनबाख नावाच्या जर्मनानं सान्त आंजेलोत विवाल्दीला वाजवताना ऐकलं आणि डायरीत लिहिलं की त्याची बोटं घोडीच्या (तारा उचलून धरणाऱ्या पट्टीच्या) इतकी जवळ गेली की गजाला जागाच उरली नाही, मी घाबरलोच. मग त्यानं कॉन्चेर्तो मागवले. तीन दिवसांत विवाल्दी दहा घेऊन दारात हजर: खास तुमच्यासाठी लिहिलेत!

सौ_टक्के_सातारी

‘खास तुमच्यासाठी’ हे दिवाळीत साडीच्या दुकानात आम्हीपण ऐकलंय.

बखरकार

दोन दिवस धागा वाचतोय. आता मूळ प्रश्नाकडे या, कारण त्याचं उत्तर तुरिनच्या ग्रंथालयात पडलंय.

१९२६. पिएमोंतमधल्या बोर्गो सान मार्तीनोच्या सालेशियन पाद्र्यांच्या शाळेला इमारतीच्या डागडुजीसाठी पैसे हवे होते. त्यांच्याकडे जुन्या हस्तलिखितांची बाडं होती, विकायचं ठरलं, पण किंमत कळेना. म्हणून तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला विचारलं. ग्रंथपाल लुईजी तोर्री आणि प्राध्यापक अल्बेर्तो जेंटिली यांनी पेटारे उघडले, तर आत विवाल्दी. खंडामागून खंड. ग्रंथालयाकडे पैसे नाहीत. विकायला काढलं तर बोली लागून भलतीकडे जाणार. जेंटिलींनी रोबेर्तो फोआ या शेअरदलालाला गाठलं. त्याचा तान्हा मुलगा माउरो नुकताच गेला होता, त्याच्या नावानं फोआनं ते विकत घेऊन ग्रंथालयाला दिले.

मग जेंटिलींच्या लक्षात आलं की खंडांचे क्रमांक सलग नाहीत, जोडीतले अर्धे गायब आहेत. वारसांच्या वाटणीत संग्रह दोन भावांत फुटला होता. वंशावळी तपासत ते जेनोव्हाच्या दुराझ्झो घराण्यापर्यंत पोचले. तिथला वारस म्हातारा आणि हट्टी, त्याला मनवायला बरेच दिवस गेले. १९३० मध्ये फिलिप्पो जोर्दानो या कापड कारखानदारानं उरलेला भाग घेऊन दिला, त्याचाही मुलगा रेंझो लहानपणी गेला होता. म्हणून आजही त्या संग्रहांची नावं ‘माउरो फोआ’ आणि ‘रेंझो जोर्दानो’. दोन लहान पोरांच्या नावावर विवाल्दी उभा आहे.

एकूण २७ खंड, साडेचारशेच्या आसपास रचना. कॉन्चेर्तो, ऑपेरे, आणि ‘ग्लोरिया’ ही चर्चमधली समूहगानाची रचना, जी आज नाताळात जगभर गातात. ती १९३९ मध्ये सिएनाच्या विवाल्दी सप्ताहात परत ऐकली गेली. जेंटिली ज्यू. १९३८ च्या वंशवादी कायद्यांनी त्यांची विद्यापीठातली जागा गेली होती.

आता मुद्दा. हे खंड कुणाचे? बऱ्याच अंशी विवाल्दीच्या स्वतःच्या हातचे, त्याच्या घरचा साठा. ज्याच्यावरून नकला काढून तो विकायचा तो माल. १७४५ च्या सुमारास ते व्हेनिसच्या सोरांझो नावाच्या सिनेटराकडे होते, मग हातोहात फिरत दुराझ्झोंकडे. दर्यावर्दी, तुम्ही म्हणता विक्रीच्या नादात त्यानं स्वतःला बुडवलं. पण विकायचं म्हणूनच मूळ प्रत जपली ना? नुसतं छापून मोकळा झाला असता तर ऑपेऱ्याची, चर्चसंगीताची ही बाडं कशाला सांभाळली असती? तेव्हा ऑपेऱ्याची स्वरलिपी मोसमानंतर कुणी छापत नव्हतं, बहुतेकांची हरवली.

गिरकी

बखरकार, साष्टांग दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

दर्यावर्दी

@बखरकार, भन्नाट लिहिलंत. पण मी हटत नाही. पेटाऱ्यातून बाहेर आलेले साडेचारशे एकीकडे, आणि सातारीभाऊंच्या फोनवर वाजतं ते दुसरीकडे. ‘फोर सीझन्स’ कुठून आले? ॲमस्टरडॅमच्या १७२५ च्या छापील प्रतीतून, त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली प्रत तर नाहीच. आज रस्त्यावरच्या माणसाला विवाल्दी माहीत आहे तो छापलेला विवाल्दी.

बखरकार

छापलेला, हो. पण १९२६ च्या आधीही ती छापील प्रत ग्रंथालयांत होतीच, तरी शंभराहून जास्त वर्षं क्वचितच कुणी वाजवली. तुरिनच्या शोधानंतर लोकांनी विचारलं, या माणसाचं अजून काय आहे? तेव्हा ती कपाटातून निघाली. १९४७ मध्ये लुई कॉफमननं ती ध्वनिमुद्रित केली आणि मग गाडी सुटली.

मध्यलय

म्हणजे छपाई आणि पेटारा दोन्ही लागले, आणि फॅशन बदलावी लागली. माझा मुद्दा शाबूत.

चहाबाज

तिघंही जिंकले, छान. आता मला नवख्याला सांगा, ‘सीझन्स’ सोडून काय ऐकू? तासभर आहे, लोकलचा प्रवास.

प्राजक्ता_ठाणे

बदलापूर ते दादर असेल तर ‘ग्लोरिया’ पूर्ण, अर्ध्या तासात होतो. उरलेल्यात ऑपस ३ मधला दहावा, चार व्हायोलिनांचा. मग लगेच बाखनं त्याचा चार हार्पसिकॉर्डांसाठी केलेला अवतार लावा, फरक कळेल.

पंतोजी

ग्रोस्सो मोगुल विसरू नका.

फिडलर_मडगाव

आणि बासूनचे (लांब नळीचं, खर्जातलं फुंकवाद्य). या माणसानं बासूनसाठी ३९ कॉन्चेर्तो लिहिलेत! एवढं बासून वाजवणारं पिएतात कोण होतं देव जाणे. कुणाला माहीत असेल तर नवा धागा काढा, इथं आता सातारीभाऊ साडीच्या दुकानात शिरलेत.